कारवान कुत्री घेऊन माळावर जाताना

रविवारी वस्तीतली पोरं आपापली कारवान कुत्री घेऊन माळावर जातात. खुशाल जावं. पण ही जात शिकारीची, नजरेवर धावणारी. एक सुटलं की सगळी सुटतात, आणि पळणारं लहान मूल मध्ये सापडतं. दोरी हातातच ठेवा.

दात लागला, नखाने ओरखडलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. रेबीजच्या विषाणूचं आवरण साबणाने फुटतं. मिरची, चुना लावू नका. मांत्रिक तर नकोच. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस मोफत मिळते, दंडात देतात. पोटातली १४ इंजेक्शनं कधीच बंद झाली. जखमेतून रक्त आलं असेल तर सिरमही लागतं, आम्ही सांगतो, ते मागून घ्या. कार्डावरची एकही तारीख चुकवू नका. लक्षणं दिसू लागल्यावर इलाज उरत नाही.