पत्रा मारलेल्या भिंतीत खिडकी बसवताना



१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद. घराची कामं मात्र तोवर थांबवून चालत नाहीत, ती मे महिन्यातच उरकावी लागतात. यंदा दुरुस्तीच्या कर्जासाठी आलेल्या अर्जांत समुद्राकडची खिडकी बदलण्याचे अर्ज बरेच आहेत, म्हणून हे लिहितोय.

आपल्या पश्चिमेकडच्या भिंतीवर आपण पत्रा मारतो. कोणी जीआयचा, कोणी पीव्हीसीचा. पूर्वी माडाच्या झावळ्या विणून बांधायचे, काम तेच. चिरा पाणी पितो, त्याला झड लागू नये एवढाच हेतू. आता लोक लाकडी खिडकी काढून यूपीव्हीसीची नाहीतर अॅल्युमिनियमची बसवतात. मेस्त येतो, पत्र्याला कटरने चौकोन पाडतो, चौकट आत ढकलतो आणि भोवती सिलिकॉन फिरवतो. अर्ध्या दिवसात काम फत्ते. श्रावणात खिडकीखाली ओल दिसते, चतुर्थीसाठी काढलेला रंग फुगतो. मग पुन्हा सिलिकॉन.

गेल्या पावसात एका सभासदाच्या घरी खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून शिरलेलं पाणी वायरच्या पाइपातून थेट स्विचबोर्डात उतरलं. घरच्या बाईला बटण दाबताना झटका बसला. थोडक्यात निभावलं. त्यामुळे नुसत्या रंगाचा प्रश्न म्हणून हे सोडून देऊ नका.

खरी गोष्ट अशी की पत्रा वॉटरप्रूफ नसतो. वारा पाण्याला जोडांतून, स्क्रूच्या भोकांतून मागे ढकलतोच. अमेरिका-कॅनडात घरांना बाहेरून विनाइलच्या पट्ट्या लावतात, विनाइल म्हणजे आपलं पीव्हीसीच. तिथले कारागीर पट्टीच्या मागे पाणी जाणार हे धरूनच चालतात. पाणी अडवायचं काम पट्टीमागचं कापड करतं आणि खिडकीभोवतीची पन्हळीसारखी पट्टी पाणी खाली नेऊन सोडते. शिवाय बारा फुटी पट्टी उन्हाने अर्ध्या इंचापर्यंत वाढते, म्हणून खिळा कधी घट्ट ठोकत नाहीत. आपल्याकडे पीव्हीसी पत्रा आवळून बसवतात आणि दोन उन्हाळ्यांत तो स्क्रूपाशी तडकतो. भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं ठेवा, वर रबराचा वॉशर लावा.

खिडकीसाठी पत्रा नुसता कापू नका. तेवढ्या भागातला पत्रा पूर्ण उतरवा आणि भिंत उघडी करा. मंगळुरी कौलं आपण खालच्या ओळीपासून वर घालत जातो, वरचं कौल खालच्यावर चढतं. इथेही तसंच. आधी खालची कड सिमेंटने बाहेरच्या बाजूला उतरती करून घ्या. ती सुकली की तिच्यावर बिटुमेनची चिकटपट्टी, मग चौकट, मग दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, सगळ्यात शेवटी वरची. वरची पट्टी बाजूच्या पट्ट्यांवर चढली पाहिजे. उलटं केलंत तर पाणी आतच ओढलं जाईल. चौकटीच्या डोक्यावर वाकवलेली पत्र्याची पट्टी हवी. तिची मागची कड भिंतीला टेकवून तिच्यावरही चिकटपट्टी मारा, म्हणजे पत्र्यामागून उतरणारं पाणी त्या पट्टीवर पडून बाहेर येईल. मग भोवती थोडी फट ठेवून पत्रा परत लावा.

आणि चौकटीची खालची बाहेरची कड सिलिकॉनने बंद करू नका. मेस्ताला हे पटत नाही, तो म्हणतो फट दिसते. असू दे. आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला तीच एक वाट असते. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमधली बारीक भोकंही त्यासाठीच असतात. गवंडी ती सिमेंटने आणि रंगारी लांबीने बुजवतो, काम संपल्यावर काडी घालून बघा.

स्क्रूच्या बाबतीत तुम्हाला सांगायला नको. खाऱ्या वाऱ्यात साधा स्क्रू किती टिकतो ते होडीवाल्याला ठाऊक आहे. स्टीलमध्ये ३१६ घ्या, ३०४ वर समुद्राजवळ तांबूस डाग येतात. अॅल्युमिनियमच्या चौकटीत लोखंडी स्क्रू तर नकोच. होडीला झिंकचा तुकडा का लावतो ते आठवा, दोन धातू आणि मध्ये खारं पाणी.

पैशांचं बोलायचं तर, शेवटचा हप्ता पाण्याची चाचणी होईपर्यंत देऊ नका. एकाने आत टॉर्च घेऊन उभं राहायचं, दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी मारायचं. आधी खालच्या कडेला दहा मिनिटं, मग बाजूंना, मग वर. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही.

नवीन जागी भिंत फोडून खिडकी काढायची असेल तर आधी पंचायतीत विचारा, किनाऱ्यालगतच्या घरांना सीआरझेडचे नियम लागतात. आणि ज्यांच्या घरी अजून शिंपल्यांच्या तावदानांची जुनी खिडकी आहे त्यांनी ती भंगारात घालू नये. ते शिंपले झुवारीत चिखलीच्या बाजूला मिळतात, पण आता कायद्याने संरक्षित आहेत, नवीन काढता येत नाहीत.

ज्यांचे अर्ज मंजूर झालेत त्यांनी पत्रा उतरवलेला असताना आणि चिकटपट्ट्या लावल्यावर असे दोन फोटो काढून ठेवावेत. पत्रा परत बसल्यावर आतलं काही दिसत नाही.