हवं तेवढंच: डेबियनचा ‘नेटइन्स्ट’

नालासोपारा स्टेशनवरून पश्चिमेला निर्मळ ओलांडून समुद्राकडे गेलं की कळंब लागतं. इथल्या एखाद्या घरात आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप असेल, तर त्याच्यापुढचा प्रश्न 14 ऑक्टोबर 2025पासून उभा आहे. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट थांबवले. विंडोज 11ला टीपीएम 2.0 चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. कॉम्प्युटर धडधाकट असूनही त्याला भंगारात काढायची वेळ येते. विंडोजऐवजी लिनक्स बसवणं हा त्यावरचा उपाय अनेकांनी ऐकलेला असतो. पण घरात ब्रॉडबँड नसेल आणि फोनच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर भागवायचं असेल, तर तो उतरवायचा कसा?

डेबियन हे लिनक्सच्या सर्वांत जुन्या वितरणांपैकी एक. इयन मरडॉक यांनी 1993च्या ऑगस्टमध्ये त्याची घोषणा केली. आज त्यात सत्तर हजारांच्या आसपास पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे सुटे गठ्ठे, आहेत. एवढा पसारा कुणालाच लागत नाही, म्हणून ‘नेटइन्स्ट’ नावाची छोटी फाइल मिळते. तिच्यात इन्स्टॉलर आणि मूळ प्रणाली असते, बाकीचं सगळं इंटरनेटवरून येतं. त्याहून बारीक ‘मिनी’ फाइलही आहे, पण ती इन्स्टॉलरचे बरेच भागही नेटवरूनच आणते. नेट डळमळीत असेल तिथे नेटइन्स्ट बरी. नेट मिळालंच नाही तरी निदान मूळ प्रणाली तरी बसते.

ही फाइल पेन ड्राइव्हवर चढवायची आणि कॉम्प्युटर त्यावरून सुरू करायचा. वाय-फाय असेल तर पासवर्ड टाकायचा, नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून त्याचं टेदरिंग चालू करायचं. पूर्वी वाय-फाय कार्डांचे फर्मवेअर वेगळे शोधून आणावे लागत, कारण ते मुक्त सॉफ्टवेअर नव्हते. 2022मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून ते अधिकृत फाइलीत घालायला मान्यता दिली आणि जून 2023च्या डेबियन 12पासून ती कटकट संपली.

खरा निर्णय शेवटाकडे येणाऱ्या एका पडद्यावर होतो. तिथे ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी अशी डेस्कटॉपची, म्हणजे पडद्यावरच्या दर्शनी रूपांची, यादी असते आणि ग्नोमवर आधीच खूण केलेली असते. घाईत ‘पुढे’ दाबलं की ग्नोमबरोबर ऑफिस, खेळ, फोटो-व्हिडिओची साधनं अशी सगळी वरात येते आणि एका दिवसाचा पॅक सहज संपू शकतो. फाइल लहान आहे म्हणून डेटा आपोआप वाचत नाही, काय नको ते सांगितलं तरच वाचतो.

काटकसरी माणूस तिथे स्पेसबारने सगळ्या खुणा काढतो. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला की काळा पडदा आणि लॉगिनची ओळ, एवढंच दिसतं. मग पॅकेजेस उतरवून बसवणाऱ्या ‘एपीटी’ला आज्ञा देऊन एक्सएफसीई आणि ब्राउझर मागवायचा. एपीटी प्रत्येक पॅकेजसोबत त्याने शिफारस केलेली पॅकेजेसही ओढून आणतो. ती नकोत असा पर्याय आज्ञेत जोडला की डाउनलोड बरंच आटोपशीर होतं. त्याची किंमतही आहे: प्रिंटर, ब्लूटूथ, वाय-फायचं चिन्ह, सगळं आपणच आठवून मागावं लागतं.

मराठी वाचकासाठी आणखी एक गोष्ट. फेब्रुवारी 2009च्या डेबियन 5पासून हा इन्स्टॉलर मराठीत चालतो, पण ग्राफिक स्वरूपातच, कारण साध्या टेक्स्ट पडद्याला देवनागरीची जोडाक्षरं नीट मांडता येत नाहीत. शिवाय मेमरी फार कमी असेल तर इन्स्टॉलर भाषांतरं बाजूला ठेवून इंग्रजीवर येतो. म्हणजे जितकं यंत्र जुनं, तितकी मराठी मिळणं अवघड. डेस्कटॉपसाठी किमान 1 जीबी मेमरी धरतात, 2 जीबी असेल तर उत्तम, आणि 10 जीबी डिस्क. 32-बिट यंत्रांसाठी मात्र ऑगस्ट 2025च्या डेबियन 13चा इन्स्टॉलर निघालेला नाही, त्यांना 12वरच थांबावं लागतं.

घरातल्या एका कॉम्प्युटरला नेटइन्स्ट पुरते. शाळेत किंवा क्लासमध्ये दहा यंत्रं असतील, तर तीच पॅकेजेस दहा वेळा उतरवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. तिथे एका यंत्रावर ‘एपीटी-कॅशर-एनजी’ बसवायचं. पहिल्या यंत्रासाठी उतरलेली पॅकेजेस ते जपून ठेवतं आणि उरलेल्या नऊ यंत्रांना आतल्या तारेनेच देतं. कळंबसारख्या ठिकाणी सरकारी किंवा सामाजिक निधीतून जुने कॉम्प्युटर मिळाले, तर नव्या यंत्रांची मागणी करण्याआधी हा प्रयोग करून पाहावा. खर्च एका पेन ड्राइव्हचा, थोड्या डेटाचा आणि त्या एका पडद्यावर थांबून विचार करण्याचा.