स्टिक आपोआप सरकते, तेव्हा दोष कुठे असतो?

हात न लावता गेममधला गडी डावीकडे चालू लागला, की बरेच जण कंट्रोलर बाद करून नवा घेतात. आतली कंपनीची खास चिप गेली, ती बाहेर मिळणार नाही, असा समज असतो. वस्तुस्थिती साधी आहे. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या बहुतेक कंट्रोलरमध्ये स्टिकच्या बुडाशी दोन पॉट, म्हणजे पोटेन्शिओमीटर, असतात. एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असायचा त्याच जातीचे, साधारण 10 किलोओहमचे.

पॉटची नखाएवढी टोपी उचकटून पाहा. आत कार्बनचा काळा पट्टा दिसतो आणि त्यावरून घासत जाणारे पत्र्याचे बारीक पाय. हे पाय पट्ट्याच्या मधल्या भागावरच सर्वाधिक फिरतात, त्यामुळे तो तिथे झिजतो. बोर्डाला तुमचा अंगठा दिसत नाही, फक्त मधल्या पिनेवरचं व्होल्टेज दिसतं. टोकांना 3 व्होल्ट असतील तर स्टिक मध्यावर असताना दीड यायला हवेत. झिजलेल्या जागी आकडा डगमगतो आणि गडी चालू लागतो.

‘कॅलिब्रेशन केलं की झालं’ हे म्हणूनच अर्धसत्य आहे. डेडझोन, म्हणजे मध्याजवळची ज्या हालचालीकडे दुर्लक्ष होतं ती जागा, वाढवल्याने दोष झाकला जातो, पण अंगठ्याची बारीक हालचालही त्यात हरवते. कॉन्टॅक्ट क्लीनर धूळ काढतो. झिजलेला कार्बन तो परत आणणार कुठून?

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘10 किलोओहमचा कुठलाही पॉट चालतो’. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बी 10 के लिहिलेला पॉट सहज मिळतो. बी म्हणजे प्रतिरोध सारख्या प्रमाणात बदलणारा, आणि आपल्याला तोच हवा. पण तो साधारण 300 अंश फिरतो, स्टिक मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम पन्नास-साठ. म्हणजे 3 व्होल्टपैकी अर्ध्या व्होल्टच्या आसपासच फरक पडेल. गडी चालेल, धावणार नाही. स्टिकसाठीच बनलेला पॉट त्याच छोट्या कोनात पूर्ण पल्ला देतो. म्हणून ओहमबरोबर कोनही जुळवावा लागतो.

पॉटऐवजी वापरला जाणारा हॉल सेन्सर ही नवी करामत आहे, असंही ऐकू येतं. एडविन हॉल यांनी त्यामागचा चुंबकीय परिणाम 1879 मध्येच शोधला आणि सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलने 1998 मध्ये तो स्टिकसाठी वापरला. त्यात चुंबक असतो, घासणारं काही नसतं, म्हणून तो टिकतो. माझं मत विचाराल तर संपूर्ण स्टिकच बदलायची असेल तेव्हा हॉलचीच घ्यावी. मात्र स्प्रिंग त्यातही सैल पडते आणि बसवल्यावर मध्य जुळवावाच लागतो.

काही जण जुन्या कंट्रोलरच्या बोर्डावर घरगुती आर्केड स्टिक बनवतात आणि पॉट नुसते काढून टाकतात. मग ती पिन अधांतरी राहते आणि बोर्ड भलतंच काही वाचतो. तिथे 10 किलोओहमचे दोन सारखे रेझिस्टर, एक वरच्या टोकाकडून आणि एक खालच्या टोकाकडून, मधल्या पिनेला जोडा. बरोबर अर्धं व्होल्टेज मिळतं आणि बोर्डाला स्टिक मध्यावर आहे असंच वाटतं.

पूर्ण स्टिक काढायची तर बहुधा 14 ठिकाणचं सोल्डर सोडवावं लागतं. त्याआधी बॅटरी काढून ठेवा.