पन्नास पैसे

मी गेलो होतो जीन्स आखूड करून घ्यायला. बदलापूरहून लोकलने विठ्ठलवाडी, तिथून शेअर रिक्षाने उल्हासनगर कॅम्प ५. शिंपी म्हणाला, अर्ध्या तासाने या. मागच्या गल्लीत शिरलो तर सात-आठ बायका एकदम खो-खो हसल्या. म्हटलं, बघू तरी काय आहे.

दारात कमरेएवढा जीन्सचा ढीग आणि भोवती घोळका. काम धागा कटिंगचं. शिवणीतून लोंबणारे दोरे छोट्या कटरने कापायचे, पँट उलटी करून पुन्हा बघायची, मग घडी. कोऱ्या डेनिमला ओल्या पोत्यासारखा वास येतो आणि तिचा रंग बोटांना लागतो. मला चहा दिला त्या कपाच्या कडेवर तीन निळी बोटं उमटली होती.

हात अडकलेले, डोळे अडकलेले, तोंड तेवढं मोकळं. शिलाईच्या खोलीत मशिनींपुढे ओरडावं लागतं. इथे कुजबुज पुरते. कुणी सिंधी, कुणी मराठी, कुणी भोजपुरी बोलणारी. भांडताना आपापली भाषा, एरवी सगळ्यांची मिळून एक हिंदी.

त्यातल्या सिंधी आजीला सगळ्या अम्मा म्हणतात. अम्माला आता दोरा दिसत नाही, म्हणून ती नुसत्या पँटी मोजते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकीत ठेवलं, तेव्हा ती कडेवरची पोर. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी या वस्तीला उल्हासनगर नाव दिलं, तरी पत्त्यात कॅम्प राहिला तो राहिलाच. "बराकीत दोन घरांमध्ये गोणपाटाचा पडदा," अम्मा सांगत होती. "पलीकडे काय शिजतंय ते विचारावं लागायचं नाही."

त्यावरून विषय थदडीच्या सणावर गेला. त्या दिवशी सिंध्यांकडे चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचा लोलो, म्हणजे गोड पोळी, खातात. अंबरनाथहून येणारी एक बाई म्हणाली, "अम्मा, ही तर आमची शितळा सप्तमी! फक्त आमची श्रावणात पंधरा दिवस आधी." मग लोलोत गूळ घालायचा की साखर, यावर दहा पँटी झाल्या.

आणि मध्येच, कोथिंबिरीचा भाव सांगावा तसं, तीच बाई म्हणाली, "पलीकडच्या गल्लीत नगामागे पन्नास पैसे जास्त देतोय. माझी नणंद बसते ना तिथे."

कटर थांबले. ठेकेदार तोच, पँट तीच. पन्नास पैसे. एकीने बोटांवर हिशोब केला, दुसरीने शिवी हासडली, ती मात्र शुद्ध मराठीत.

गठ्ठे न्यायला येणारा पोऱ्या मला म्हणाला होता, "सेठ बोलतो, बाते कम." सेठला वेळ वाया जाण्याची काळजी असेल, असं मला तेव्हा वाटलं होतं. पन्नास पैसे ऐकल्यावर नाही वाटलं.

पुढच्या आठवड्यात काही शिवायचं नसताना पुन्हा गेलो. ढीग तेवढाच. विचारलं, मिळाले का पन्नास पैसे?

"पंचवीस," अंबरनाथवाली म्हणाली. "दोन दिवस गठ्ठेच बांधले नाहीत, तेव्हा. उरलेले दिवाळीच्या मालाला बघू." तिने हे सांगेपर्यंत अम्माची मोजणी चुकली. घड्या घातलेला ढीग अम्माने स्वतःकडे ओढला आणि पहिल्यापासून सुरू केलं: हिकु, ब, टे...