वरच्या जागेची जाहिरात येत नाही : कन्सल्टंटशी व्यवहार आणि नोकरी शोधण्याची तयारी

बँक, रेल्वे, वीज मंडळ, जिल्हा परिषद. आपल्या आईवडिलांच्या पिढीला जिथे नोकरी लागली, तिथला रस्ता लांब असला तरी डोळ्यांना दिसत होता. पेपरात जाहिरात यायची, मग अर्ज, लेखी परीक्षा, मुलाखत आणि यादी. यादीत अन्याय झाला तर बिंदुनामावली मागता यायची, संघटना पाठीशी उभी राहायची, आयोगाकडे तक्रार जायची. त्या पिढीची मुले-मुली आज चाकण, वाळूज, बुटीबोरीच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत व्यवस्थापक झाली आहेत, चाळिशीला टेकली आहेत. आणि नेमकी तिथेच अडकलेली आम्हाला वारंवार भेटतात.

कर्तृत्व कमी पडते म्हणून ती अडकतात असे आम्हाला दिसत नाही. पुढची पायरी, म्हणजे प्लांट हेड, फायनान्स हेड, व्हाइस प्रेसिडेंट अशी जागा, पुष्कळदा जाहीरच होत नाही. जुना माणूस अजून खुर्चीवर असतो आणि त्याला कळू न देता नवा शोधायचा असतो. किंवा प्रतिस्पर्धी कंपनीला सुगावा लागू द्यायचा नसतो. मग ते काम कन्सल्टंटकडे जाते. रिक्रूटर म्हणा, हेडहंटर म्हणा, माणूस तोच. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही हे आपल्याला पाठ आहे. पण तिथे जाहिरातही नाही, याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : कन्सल्टंट आपल्यासाठी काम करत नाही. त्याचे पैसे कंपनी देते. साध्या पद्धतीत उमेदवार रुजू झाला तरच त्याला फी मिळते. आपल्याकडे ती वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतकी, असा रिवाज आहे. वरच्या पदांना जास्त असते. एकाच जागेसाठी असे तीन-चार कन्सल्टंट धावत असतात, म्हणून त्यांना घाई असते. दुसरी पद्धत अगदी वरच्या पदांची. कॉर्न फेरी, एगॉन झेंडर, स्पेन्सर स्टुअर्ट यांसारख्या फर्म ती वापरतात. कंपनी एकाच फर्मला काम देते आणि पहिल्या वर्षाच्या पगाराच्या सुमारे एकतृतीयांश फी बहुधा हप्त्याहप्त्याने मोजते. ही मंडळी अर्जांची वाट पाहत नाहीत. स्वतः नावांची यादी करतात, मग चार ठिकाणी विचारतात, ‘या कामात चांगला माणूस कोण?’

कन्सल्टंटने महिनाभर फोन उचलला नाही म्हणजे आपला अपमान झाला, असे मानण्याचे कारण नाही. त्याच्या हातात सध्या आपल्याजोगी जागा नाही, इतकाच बहुतेकदा त्याचा अर्थ असतो. दुसरे एक कारण फार जणांना माहीत नसते. एखादी कंपनी शोध-फर्मची ग्राहक असेल, तर त्या कंपनीतली माणसे ठरावीक काळ फोडायची नाहीत असा करार असतो. आपली कंपनी तिची ग्राहक असेल, तर ती फर्म आपल्याला हातही लावणार नाही. म्हणून एकाच कन्सल्टंटवर विसंबून राहू नये. आपल्या क्षेत्रात खरोखर काम करणारे चार-पाच निवडावेत आणि त्यांच्याशी नोकरी नको असतानाही संपर्क ठेवावा. त्यांनी एखादे नाव विचारले तर योग्य माणूस सुचवावा. पुढच्या वेळी ते आपल्यालाही आठवतात.

सीव्ही मात्र सरसकट वाटू नये. दोन कन्सल्टंटकडून एकाच कंपनीत आपला सीव्ही पोहोचला की फी कोणाची यावर वाद होतो, आणि वाद नको म्हणून कंपनी उमेदवारालाच बाजूला ठेवते. कंपनीचे नाव सांगितल्याशिवाय आणि आपण ईमेलवर होकार दिल्याशिवाय सीव्ही पुढे पाठवू नका, हे प्रत्येकाला आधीच सांगावे. कोणाला कोणत्या तारखेला कुठल्या कंपनीसाठी होकार दिला, याची वही ठेवावी.

आता नेटवर्कबद्दल. हा शब्द ऐकला की आपली माणसे आखडतात. ‘मी कोणापुढे हात पसरणार नाही,’ असे सोळा-सतरा वर्षांचा अनुभव असलेले लोक आम्हाला सांगतात. त्यामागचा स्वाभिमान आम्हाला कळतो. पण समोरची बाजूही पाहू. अजित, डाँकर आणि सक्सेना या अभ्यासकांनी देशातल्या १,००० मोठ्या कंपन्यांची संचालक मंडळे तपासली. २०१२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आलेल्या त्यांच्या लेखानुसार सुमारे ९३ टक्के संचालक पुढारलेल्या जातींचे होते, अनुसूचित जाती-जमाती मिळून ३.५ टक्के. ‘चांगला माणूस कोण?’ हा प्रश्न ज्या वर्तुळात विचारला जातो, ते वर्तुळ हे असे आहे. तिथे कोणी मामा, कोणी सासरे, कोणी शाळासोबती नाव सुचवतो आणि त्याला कोणी हात पसरणे म्हणत नाही.

आपल्याकडे मामा-सासऱ्यांचे ते वर्तुळ नाही. कामाचे आहे. जुना बॉस, दुसऱ्या कंपनीत गेलेला सहकारी, माल पुरवणारा व्हेंडर, ज्यांच्या ऑडिटला आपण उभे राहिलो ते ग्राहक. अशा तीस-चाळीस जणांची यादी बहुतेकांची सहज होते. त्यांच्याकडे नोकरी मागायची नाही, माहिती मागायची. ‘तुमच्याकडे नवा प्लांट येतोय, तिथे क्वालिटीचे काम कोण बघणार?’ वीस मिनिटांचे असे बोलणे पोर्टलवरच्या पन्नास अर्जांपेक्षा उपयोगी पडते. आणि आपलेच जे लोक वर पोहोचले आहेत, त्यांनी आडनाव ओळखून फोन टाळू नये, हेही इथेच लिहून ठेवतो.

आडनावाचा विषय निघालाच आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज पाठवले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित नावाच्या अर्जदाराला पुढे बोलावले जाण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत साधारण दोनतृतीयांश निघाली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी एचआर व्यवस्थापकांच्या मुलाखतींवरून दाखवले की, जात विचारत नाही म्हणणारे ‘फॅमिली बॅकग्राउंड’ मात्र विचारतात. हा प्रश्न वरच्या पदालाही येतो. खोटे बोलू नये, लाजूही नये. ‘वडील रेल्वेत होते, आम्ही भुसावळला वाढलो, घरात शिक्षणाला पहिले स्थान होते,’ एवढे पुरे, आणि लगेच कामाकडे वळावे. कन्सल्टंट ओळखीचा झाला की निवड समितीत कोण बसणार, हे आधी विचारून घेता येते. ते त्याच्याच फायद्याचे असते, तो सांगतो.

वेळेचे म्हणाल तर वरच्या पदाच्या शोधाला सहा महिने ते वर्ष धरावे, आणि हातातली नोकरी असतानाच सुरुवात करावी. पहिला महिना स्वतःच्या कामाचा हिशोब मांडण्यात गेला तरी चालेल. ‘उत्पादन विभागाची जबाबदारी सांभाळली’ या वाक्यातून काही कळत नाही. किती माणसे, किती कोटींची उलाढाल, रिजेक्शन किती टक्क्यांवरून किती टक्क्यांवर आणले, हे आकडे हवेत. नोकरी डॉट कॉम असो वा लिंक्डइन, कन्सल्टंट शब्द टाकून शोधतात. आपल्या कामाचे प्रचलित शब्द प्रोफाइलमध्ये नसतील तर आपण त्यांना दिसणारच नाही. त्यानंतर पंचवीस कंपन्यांची यादी करावी. कुटुंब कोणत्या शहरात राहू शकते हे घरी आधी बोलून घ्यावे, नाहीतर शेवटच्या क्षणी नकार देऊन कन्सल्टंटचा विश्वास जातो.

पगाराचा आकडा सांगताना सीटीसीत अडकू नये. हातात येणारा पगार किती, व्हेरिएबल किती आणि मागच्या दोन वर्षांत ते खरोखर किती मिळाले, शेअर्स किती वर्षांनी आपले होतात, जॉइनिंग बोनस लवकर सोडल्यास परत द्यावा लागतो का, हे एकेक विचारावे. सध्याचा पगार फुगवून सांगू नये. पगारपत्रके मागतात आणि पीएफच्या यूएएनवरून आधीच्या नोकऱ्यांच्या तारखाही तपासतात.

उमेदवाराकडून पैसे मागणारा कन्सल्टंट असेल तर फोन तिथेच ठेवावा. ‘रजिस्ट्रेशन’, ‘डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन’, ‘रिफंडेबल डिपॉझिट’, नाव काहीही असो. सीव्ही लिहून घेण्याचे किंवा मुलाखतीच्या सरावाचे पैसे देणे वेगळे. तो आपला खर्च, पण त्याच्या बदल्यात नोकरीची हमी कोणी देत असेल तर तीही फसवणूकच.

शेवटी राजीनाम्याचे. तोंडी शब्दावर राजीनामा देऊ नये, सहीचे ऑफर लेटर हातात हवे. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड असेल तर नवी कंपनी तो विकत घेणार का, हे लेखी घ्यावे. सध्याच्या कंपनीत पाच वर्षे पूर्ण व्हायला दोन-तीन महिने उरले असतील तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून मागावी, कारण ग्रॅच्युइटीसाठी सर्वसाधारण नियम पाच वर्षांच्या सलग सेवेचा आहे. चांगला कन्सल्टंट ही तारीख कंपनीकडून मिळवून देतो, फक्त त्याला ती ऑफर येण्याआधी सांगितलेली असावी.