विश्लेषण : जर्मनीतील डॉक्टर ‘रुग्णामागे रक्कम’ पद्धतीवर नाराज का?

गुडघ्याचा सांधा बदलला, की रुग्णालयाला ठरलेली रक्कम मिळते. रुग्णाशी अर्धा तास बोलून ‘शस्त्रक्रिया नको, व्यायामाने भागेल’ असे सांगितले, तर हाती फारसे काही येत नाही. जर्मनीतील डॉक्टरांच्या नाराजीचे मूळ इथे आहे.

पद्धत काय आहे?

पूर्वी खाटेच्या दिवसांवर पैसे मिळत; साहजिकच रुग्ण लवकर घरी जाण्यात रुग्णालयाचा फायदा नव्हता. २००४ पासून आजार, उपचार आणि गुंतागुंत पाहून रुग्ण एका गटात बसवला जातो. गटाच्या भारांकाला मूळ दराने गुणले, की बिल तयार! रुग्ण पाच दिवस राहिला काय नि सात दिवस काय, रक्कम साधारण तीच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील ‘पॅकेज’ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल.

डॉक्टरांचा आक्षेप कशाला?

मुक्काम कमी झाले, हिशेब स्पष्ट झाला. पण नियोजित शस्त्रक्रिया परवडू लागल्या आणि वाट पाहणे, निरीक्षण, संवाद तोट्यात गेले. काही विभागप्रमुखांच्या करारांत तर शस्त्रक्रियांच्या संख्येवर बोनस असे. त्यावर २०१३ मध्ये कायद्याने बंधने आणली. २०१९ मध्ये दोनशेहून अधिक डॉक्टरांनी ‘स्टर्न’ साप्ताहिकातून या पद्धतीविरुद्ध जाहीर आवाहन केले. नोंदींचा ताप वेगळाच : योग्य कोड पडला नाही तर पैसे कापले जातात, म्हणून डॉक्टरांचा बराच वेळ संगणकासमोर जातो.

सर्वाधिक झळ बालरोग विभागाला बसली. तिथे उन्हाळ्यात खाटा रिकाम्या, हिवाळ्यात तुडुंब. रिकाम्या खाटेशेजारच्या परिचारिकेचा पगार मात्र थांबत नाही. २०२२च्या डिसेंबरात श्वसनविकाराची साथ आली, तेव्हा खाटा होत्या, पण सांभाळायला माणसे नव्हती, असे अनेक ठिकाणी घडले.

मग बदल काय?

रुग्णशय्येजवळच्या परिचारिकांचा खर्च २०२०मध्येच या हिशेबातून बाहेर काढला गेला. तत्कालीन आरोग्यमंत्री कार्ल लाउटरबाख यांनी २०२४मध्ये मंजूर करून घेतलेल्या कायद्यानुसार सुमारे ६० टक्के रक्कम ‘सज्जता’ राखण्यासाठी मिळणार आहे. टीकाकार डॉक्टरांना यातही मेख दिसते : सज्जतेची रक्कम ठरवतानाही रुग्णसंख्याच मोजली जाणार आहे.