आस्थापनेतील विधी अधिकारी : कौशल्ये व जबाबदाऱ्या

प्रस्तावना : एखाद्या आस्थापनेच्या वेतनावर राहून तिला कायदेविषयक सल्ला देणारी व्यक्ती म्हणजे विधी अधिकारी होय. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरीत असेपर्यंत वकिली करता येत नाही. सतीशकुमार शर्मा प्रकरणात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने या नियमाच्या आधारे मंडळाच्या विधी अधिकाऱ्याची वकिलीची सनद काढून घेणे योग्य ठरविले.

कौशल्ये : गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथे ३३०० मेगावॅट क्षमतेचा औष्णिक विद्युत प्रकल्प आहे. कोळशाच्या तुटीची भरपाई वीज खरेदी करारातील 'कायद्यातील बदल' या तरतुदीखाली मिळावी काय, हा त्याचा वाद २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व निर्णय प्रकल्पाच्या बाजूने लागला. यावरून अचूक मसुदालेखनाचे मोल लक्षात येते. त्याच्या जोडीला व्यवसायाची जाण आणि कायदा सुबोध भाषेत सांगण्याची हातोटी आवश्यक ठरते.

जबाबदाऱ्या : परवान्यांच्या मुदती पाळणे, बाहेरील वकिलांशी समन्वय राखणे व संभाव्य धोक्याची पूर्वसूचना देणे ही त्याची नित्य कामे होत. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम १३२ वकील व पक्षकार यांच्यातील संवादास गोपनीयतेचे संरक्षण देते. मात्र वेतनावरील विधी अधिकाऱ्यास ते लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी स्पष्ट केले. त्यामुळे आपली टिपणी उद्या न्यायालयात वाचली जाऊ शकते, याचे भान त्याने ठेवावे व नाजूक प्रकरणी स्वतंत्र वकिलाचा सल्ला वेळीच घ्यावा.

निष्कर्ष : वेतन देणाऱ्यासच अप्रिय सल्ला देण्याचे धैर्य ही या पदाची खरी कसोटी होय. विधी अभ्यासक्रमात युक्तिवादाइतकेच करारलेखनास व या नीतिधैर्यास स्थान मिळावे.